टर्कीला साद घालताना

लाकडाची लांबट पेटी आणि तिच्यावर दांडीचे झाकण. झाकणाला खडू चोळून ते पेटीच्या कडेवर हलकेच घासले, की थेट टर्कीची मादी बोलल्यासारखा आवाज निघतो. अमेरिकेत वसंत ऋतू आला, की शिकारी मंडळी हे खेळण्यासारखे साधन खिशात टाकून पहाटेच्या अंधारात रानात शिरतात. अशा पेटीचे पेटंट अर्कान्सामधील हेन्री गिब्सन यांनी १८९७ साली घेतले. त्याच्या कितीतरी आधीपासून तिथले मूळ रहिवासी टर्कीच्याच पंखाच्या हाडांची नळी ओठांना लावून, हवा आत ओढून, हीच साद घालत. आपल्याकडचे फासेपारधी तर कसलेही साधन न घेता तित्तिराचा आवाज काढण्यात तरबेज!

गंमत अशी, की निसर्गाचा रिवाज नेमका उलटा आहे. नर झाडावरून उतरतो, पिसारा फुलवतो आणि गळ्यातून गडगडाट करीत ठाण मांडतो. जायचे ते माद्यांनी. शिकाऱ्याला मात्र नवरदेवालाच चालत आणायचे असते. म्हणून सारखी साद घालणारा फसतो. मादी एवढी उतावीळ आहे तर येईलच की, अशा थाटात नर जागचा हलत नाही. दोन-चार वेळा हळू साद घालून गप्प बसावे. मग मात्र त्याला राहवत नाही.

नवशिक्याने पेटीच घ्यावी. ती शिकायला सोपी आणि तिचा आवाज वाऱ्यातही दूर जातो. पावसात भिजली, की मात्र ती मुकी होते. चालताना झोळीत आपोआप कुरकुरू नये म्हणून तिला रबरबँड लावतात. पाटीच्या दगडाची किंवा काचेची गोल चकती काडीने घासायची, हा दुसरा प्रकार. तिचे मऊ, जवळचे आवाज फार गोड. पण त्यात दोन्ही हात गुंततात, आणि टर्कीची नजर इतकी तीक्ष्ण, की बोट हललेले तिला दिसते. तिसरी घोड्याच्या नालाच्या आकाराची, रबराचा पातळ पडदा असलेली चकती. ती जिभेने टाळूला दाबून धरायची. हात मोकळे राहतात, परंतु पहिले काही दिवस उमाळेच येतात. घरातल्यांना तो सराव सोसावा लागतो, ते वेगळेच. चुकीला क्षमाही नाही. ‘इकडे ये’ म्हणणारा ‘क्लक’ आणि ‘पळा’ म्हणणारा ‘पट’ यांत अंतर फार थोडे.

आवाज हुबेहूब निघू लागला, की दुसरीच पंचाईत उभी राहते. पलीकडच्या झुडपात साद ऐकून सरपटत येणारा दुसरा शिकारी असू शकतो. अशा गैरसमजातून माणसांवर गोळ्या सुटल्या आहेत. वसंतात नराचे डोके लाल, पांढरे आणि निळे दिसते. म्हणून या तीन रंगांचा साधा रुमालही बरोबर न्यायचा नाही. आवाजाच्या मागावर जायचे नाही. खांद्यांपेक्षा रुंद बुंध्याला पाठ टेकून बसायचे. दुसरा माणूस दिसला तर हात हलवायचा नाही, मोठ्याने बोलायचे. तेवढ्याने सकाळची सारी मेहनत वाया गेली तरी बेहत्तर. वसंतात बहुतेक ठिकाणी नर किंवा छातीवर दाढीसारखा झुपका असलेला पक्षीच मारता येतो. तो झुपका स्पष्ट दिसेपर्यंत चापाला बोट लावायचे नाही.

आणि पक्षी मिळाला तरी तो तसाच खांद्यावर टाकून निघायचे नाही. भडक नारिंगी कापडात पुरता गुंडाळायचा आणि मगच मोटारीची वाट धरायची.