हशाची जागा

ऑर्केस्ट्रा, मैफल किंवा गावातील स्नेहसंमेलन यांत दोन कार्यक्रमांमधला वेळ बोलून भरून काढणाऱ्या माणसाला निवेदक म्हणतात, आणि त्याचा कस त्याच्या वाक्यांपेक्षा वाक्यानंतर तो किती वेळ गप्प राहू शकतो यावर लागतो. विनोदी वाक्य संपल्यापासून सभागृहात हशा उसळेपर्यंत जो क्षणभराचा अवकाश जातो, तो ज्याला सोसवत नाही तो पुढचे वाक्य हशावरच आपटतो आणि दोन्ही वाया घालवतो. विदर्भातील जुन्या खडी गंमतीत, म्हणजे ढोलकीच्या साथीने उभ्याने सादर होणाऱ्या लोकनाट्यात, हा अवकाश सोंगाड्या सांभाळीत असे. मराठी एकपात्री रंगभूमीवर तो पु. ल. देशपांडे यांनी 1961 पासून 'बटाट्याची चाळ'च्या प्रयोगांत इतका ताणून दाखवला की पुढे जामपासून चंद्रपूरपर्यंतच्या हौशी निवेदकांनी ध्वनिमुद्रिका आणि कॅसेटी ऐकून त्यांना एकलव्याप्रमाणे परस्पर गुरू करून टाकले.

नागपूरहून निघालेली कलावंतांची गाडी समुद्रपूर तालुक्यातील जामला चहासाठी थांबते, कारण तिथे रस्ता फुटतो: महामार्ग पुढे बाबा आमटे यांच्या जन्मगावाकडे, हिंगणघाटकडे जातो, तर दुसरा रस्ता वरोऱ्याकडे आणि त्याला लागून असलेल्या आनंदवनाकडे वळतो. 1949 मध्ये स्थापन झालेल्या महारोगी सेवा समितीच्या या वसाहतीत पिकलेली भाजी आरंभीच्या काळात बाजारात कोणी विकत घेत नसे, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. त्याच वसाहतीत बाबांनी मित्रमेळाव्याची, म्हणजे बाहेरच्या स्नेह्यांनी तिथे येऊन राहण्याची आणि गाण्या-नाटकांत रमण्याची प्रथा पाडली, आणि त्या मेळाव्यात पु. ल. आणि सुनीताबाई हे दांपत्य घरच्यासारखे वावरले. या घटनेचे वर्णन बहुधा औदार्याच्या भाषेत केले जाते. निवेदनाच्या धंद्यातील माणसाला मात्र तिथला प्रेक्षक अधिक महत्त्वाचा वाटतो. कुष्ठरोगाने बोटे गेलेल्या हातांची टाळी मोठी वाजत नाही, म्हणून जो कलावंत टाळीच्या मापाने रंगत मोजतो त्याची मापपट्टीच अशा प्रेक्षागृहात निकामी होते आणि त्याला केवळ हशावर कान ठेवावा लागतो. शिवाय ज्या माणसाच्या हातचे पाणी पिताना पाहुणा कचरतो, त्याच्याच शेजारी बसून तो एकाच वेळी, एकाच वाक्याला हसतो. हशाला सोवळे पाळता येत नाही.

पु. लं.च्या निधनानंतर (12 जून 2000) दोनच वर्षांनी डॉ. विकास आमटे यांच्या पुढाकाराने 'स्वरानंदवन' हा वाद्यवृंद उभा राहिला, ज्यात अंध, अपंग, कर्णबधिर आणि कुष्ठमुक्त कलावंत गातात, वाजवतात, नाचतात. अशा कार्यक्रमांमुळे निवेदकापुढे जी अडचण आली ती अद्याप सुटलेली नाही. गायक अंध आहे हे वाक्य कुठे ठेवावे? गाण्याआधी ठेवले तर सभागृह पहिल्या ओळीलाच टाळी देते, जी गाण्याला नसून डोळ्यांना असते, आणि मग कलावंताचा सूर लागला काय नि न लागला काय, निकाल आधीच लागलेला असतो. गाण्यानंतर ठेवले तर श्रोत्यांना जादूगाराने टोपीतून ससा काढल्याचा आनंद होतो आणि गाणे विसरले जाते. वाक्य गाळले तर कलावंताला हात धरून ध्वनिक्षेपकापर्यंत आणताना पहिल्या पाच रांगा कुजबुजतात आणि वादकाने दिलेली सुरावट त्या कुजबुजीत बुडते. कर्णबधिर नर्तकांच्या बाबतीत पेच अधिक बिकट, कारण विंगेत उभा राहून हातांनी ताल दाखवणारा सहकारी काही श्रोत्यांना दिसतोच, आणि ज्यांना तो दिसतो ते नाच सोडून त्याच्याकडे पाहत बसतात.

यावर विनोद हाच एक मार्ग उरतो, आणि तो पु. लं.च्या पद्धतीने. 'चाळी'तील भाडेकऱ्यांची टिंगल प्रेक्षकाला कधी क्रूर वाटत नाही, याचे कारण सांगणारा त्यांच्यातलाच एक होऊन बोलतो आणि स्वतःची सुटका करून घेत नाही. निवेदकाने आधी स्वतःची फजिती मांडावी, तीवर सभागृहाला मनमोकळे हसू द्यावे, आणि तो हशा ओसरत असतानाच, पूर्ण विरण्यापूर्वी, वाक्यात कुठेही भार न देता गायकाची माहिती सांगून बाजूला व्हावे. हसून सैल झालेल्या माणसाला दया लगेच गोळा करता येत नाही. जागा अर्ध्या श्वासाइतकी असते. ती चुकली की विनोद गायकावर केल्यासारखा वाटतो आणि सभागृह थिजते.

आजचे कंत्राटी निवेदक ही जागा शोधतच नाहीत. कानात यंत्र, हातात मोबाईल आणि त्यावर सकाळी आलेले चुटके एवढ्या सामग्रीवर तीन तास निभावतात. हशा आला नाही तर ध्वनियोजक तयार हशा सोडतो, जसा दूरचित्रवाणीवर सोडतात. काहीजण तर अपंग कलावंताच्या आधी व्हायोलिनची करुण धून लावून घेतात. हा निव्वळ भिकेचा धंदा आहे, आणि दयेऐवजी कामाची संधी द्या म्हणून आयुष्य वेचलेल्या बाबांच्या परिसरात तो अधिकच खटकतो.

प्रस्तुत लेखकाच्या या मतांत मत्सराचा अंश नाही असे कोणी समजू नये. आवाज बसू लागल्यापासून त्याला कार्यक्रम कमी मिळतात. पण जेव्हा मिळतात तेव्हा गायकाची ओळख लांबवून आपल्या विनोदाला आणखी एक हशा मिळवण्याचा मोह त्याला सुटलेला नाही, आणि घरी परतताना त्याला गाणी आठवत नाहीत, हशे आठवतात. त्याच्याकडे शिकायला येणाऱ्या हिंगणघाटच्या एका विद्यार्थिनीने, गायकाचे अंधत्व त्याच्याच तोंडून, त्याला हवे तेव्हा सांगू द्यावे आणि निवेदकाने त्यात पडूच नये, असे मत मांडले. हे मत लेखकाला पटले, तरी मनाला फारसे रुचले नाही, कारण त्या व्यवस्थेत सर्वांत चांगला हशा निवेदकाच्या हातून जातो.

तोडगा तिचा असो वा गुरूच्या कॅसेटीतला, अर्धे काम श्रोत्यांचेच आहे. तेव्हा जामच्या फाट्यावरून वरोऱ्याकडे वळणाऱ्या रसिकांनी अशा कार्यक्रमात टाळी गाणे संपल्यावरच द्यावी, विनोद जमला तर मोकळेपणाने हसावे, आणि गाणे फसले असेल तर खुशाल हात आवरावेत.