अंजनवेलच्या वाटेवर

गेल्या सुटीत आम्ही सहकुटुंब रत्नागिरीहून गुहागरकडे निघालो. सोबत दादी आणि आमची चौदा वर्षांची लेक होती. जयगडला गाडी फेरीबोटीवर चढवली, शास्त्री नदीची खाडी ओलांडून तवसाळला उतरलो आणि गुहागरमार्गे अंजनवेल गाठले. वाशिष्ठी नदी जिथे समुद्राला मिळते, तिथे गोपाळगड उभा आहे. जांभ्या दगडाची भक्कम तटबंदी, जमिनीच्या बाजूला खोल खंदक आणि आत आंब्याची कलमे. पलीकडच्या तीरावर दाभोळ दिसते. विजापूरच्या आदिलशाहीत दाभोळ हे मोठे बंदर होते. येथून हाजी मक्केला निघत आणि अरबस्तानातून घोडे उतरत.

लेकीने विचारले, "अब्बा, हा किल्ला कोणाचा?" आम्ही सांगू लागलो. आदिलशाहीनंतर तो मराठ्यांकडे आला. सतराव्या शतकाच्या अखेरीस जंजिऱ्याच्या सिद्दीने तो घेतला. १७४५ मध्ये तुळाजी आंग्रे यांनी सिद्दीकडून तो जिंकला, नंतर पेशवे आले आणि १८१८ मध्ये इंग्रज. "सिद्दी म्हणजे कोण?" "हबशी. आफ्रिकेतून आलेले लोक."

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "म्हणजे मला ज्या नावाने चिडवतात, तेच का?"

आमच्या पोटात धस्स झाले. काही महिन्यांपूर्वी एका लग्नघरी नात्यातल्या एका वडीलधाऱ्या बाईंनी तिला सर्वांदेखत "आमची हबशीण" म्हटले होते. सगळे हसले होते. खरे सांगायचे तर आम्हीही हसलो होतो. लेकीचा रंग सावळा आहे. ती त्या दिवशी जेवली नव्हती, हे आम्हाला गडावर उभे असताना आठवले.

तिथेच एका आंब्याच्या सावलीत बसून आम्ही तिला हबशांची गोष्ट सांगितली. हबशा म्हणजे आजच्या इथिओपियाचा मुलूख. मक्केत मुसलमानांचा छळ असह्य झाला तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी आपल्या साथीदारांना तिकडेच पाठवले आणि तिथल्या नजाशी बादशहाने त्यांना आसरा दिला. मदिनेची हिजरत नंतरची, पहिली हिजरत हबशाची. पहिली अजान देणारे हजरत बिलाल (रजि.) हबशी वंशाचेच.

त्याच मुलखातून मलिक अंबर दख्खनमध्ये आला. १५४८ च्या सुमाराला जन्मलेला हा मुलगा गुलाम म्हणून विकला गेला, हातोहात फिरत अहमदनगरला पोहोचला आणि पुढे निजामशाहीचा कारभारी झाला. मोगलांना त्याने वर्षानुवर्षे झुंजवले. १६१० मध्ये खडकी वसवली, तेच आजचे छत्रपती संभाजीनगर. त्याने बांधलेल्या नहरींनी त्या शहराला पाणी पाजले. १६२६ मध्ये तो वारला, खुलताबादला त्याची कबर आहे. आपल्या कोकणात सिद्द्यांनी मुरूडचा जंजिरा राखला, तो कोणालाही लढून घेता आला नाही. त्यांचे संस्थान थेट १९४८ पर्यंत टिकले. त्या मुलखाला लोक हबसाण म्हणत.

पण मुलीला अर्धीच गोष्ट सांगणे बरोबर नव्हते. हे लोक हौसेने आले नव्हते. बहुतेकांना पकडून, विकून आणले होते. विकणाऱ्यांत आणि विकत घेणाऱ्यांत आपल्या दीनची माणसेही होती. आणि सगळेच काही सरदार झाले नाहीत. कर्नाटकात हल्याळ आणि यल्लापूरच्या रानात आजही सिद्दी राहतात. त्यांत मुसलमान आहेत, हिंदू आहेत, ख्रिस्तीही आहेत. २००३ मध्ये त्यांना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. गुजरातेत गीरजवळच्या जांबूर गावातल्या हिराबाई लोबी यांना सिद्दी स्त्रियांसाठी केलेल्या कामाबद्दल २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. तरीही शेकडो वर्षे या मातीत राहिलेल्या या लोकांना "तुम्ही कुठल्या देशाचे?" असे विचारले जाते.

दादी इतका वेळ तसबीह घेऊन ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "माझे मामू केपटाउनला होते." आपल्या खेड, रत्नागिरीकडच्या गावांतून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून कित्येक कोकणी मुसलमान तिकडे गेले, दुकाने थाटली, मशिदी बांधल्या. १९४८ नंतर तिथे वर्णभेदाचे राज्य आले. १९५० च्या कायद्यांनी माणसांची रंगावरून नोंद झाली आणि कोणी कुठे राहायचे तेही ठरले. १९६६ मध्ये डिस्ट्रिक्ट सिक्स ही वस्ती गोऱ्यांसाठी जाहीर झाली आणि तिथल्या लोकांना उठवले गेले. "मामूंचे घरही गेले," दादी म्हणाल्या. "गोऱ्यांच्या बाकावर बसता येत नव्हते, हे सांगताना ते रडायचे. पण एकदा स्वतःच म्हणाले, आपल्या दुकानात काम करणाऱ्या काळ्या माणसाचा कप आम्ही वेगळा ठेवायचो. त्याचा विचार तेव्हा मनात आला नाही."

यावर कोणी काही बोलले नाही.

आपण कोकणी मुसलमान आपले मूळ अरबस्तानात असल्याचे अभिमानाने सांगतो. ज्या गलबतांतून अरब आले, त्याच गलबतांतून हबशीही आले. त्यांचे रक्त आपल्यात मिसळले नसेल, असे कोण छातीठोकपणे सांगू शकेल? पण तो पूर्वज कोणाच्याच शिजऱ्यात नसतो. उलट, स्थळ पाहताना आपण "मुलगी गोरी हवी" असे बेधडक लिहितो. मुंबईहून आलेला हबशी हलवा मिटक्या मारत खातो आणि तोच शब्द पोरीच्या अंगावर फेकतो.

हजरत अबूजर (रजि.) यांनी एका माणसाला त्याच्या आईवरून हिणवले, तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांना सुनावले की तुमच्यात अजून जाहिलियत शिल्लक आहे. केवढे थोर सहाबी ते! त्यांना हे ऐकावे लागले, मग आपण कोण? हज्जतुल विदाच्या वेळीही गोऱ्याला काळ्यावर श्रेष्ठत्व नाही, श्रेष्ठत्व तकव्याला आहे, अशीच शिकवण दिली गेली. ही शिकवण आपण जुम्म्याच्या खुतब्यात ऐकतो आणि लग्नाच्या मांडवात विसरतो.

उतरत्या उन्हात धोपाव्याहून फेरीबोटीने दाभोळला गेलो. तिथल्या जुन्या शाही मशिदीजवळ अस्रची नमाज अदा केली. सफीत कोणाच्या खांद्याला कोणाचा खांदा लागतो, याचा हिशेब तिथे कोणी ठेवत नाही.

घरी परतल्यावर दादींनी स्वतः त्या नातलग बाईंना फोन लावला. सलाम झाला, ख्यालीखुशाली झाली. मग त्या म्हणाल्या, "पोरीला तिच्या नावाने हाक मारत जा. नाव आम्ही मोठ्या प्रेमाने ठेवले आहे." त्यानंतर आम्ही दोघांनी लेकीला जवळ बसवले आणि त्या दिवशी हसलो होतो, त्याबद्दल तिची माफी मागितली.