गोमतीच्या उजव्या तीरावरून

लखनौ, मार्गशीर्ष शु. ५

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पुष्पक एक्स्प्रेसने काल येथे सुखरूप पोहोचलो. मामा वयोमानाने थोडे वाकले आहेत, परंतु चालण्यात त्यांनी मला आज सकाळीच मागे टाकले. पुढल्या हिवाळ्यात भाऊजी आणि मुले यांच्यासह तू येशील तेव्हा या शहरात काय पाहावे, कसे पाहावे आणि काय वगळावे, असे तू विचारले होतेस. ज्यांची सारी नोकरी गोमतीच्या तीरावरील एका राजवाड्यात गेली आणि निवृत्तीनंतरही ज्यांना पुण्यास परतण्याची इच्छा झाली नाही, त्या मामांइतका या विषयाचा अधिकारी मनुष्य मला दुसरा आढळत नाही. म्हणून पुढे जे लिहितो ते बहुतांशी त्यांचेच समजावे.

त्यांचे म्हणणे असे की, लखनौ नदीकडून पाहावे. १७७५ साली नवाब आसफउद्दौल्याने अवधच्या सुभ्याची राजधानी फैजाबादेहून येथे आणली, तेव्हापासून १८५६ मध्ये कंपनी सरकारने हे राज्य खालसा करीपर्यंतच्या सुमारे ऐंशी वर्षांत या उजव्या तीरावर ज्या कोठ्या, महाल आणि बागा उभ्या राहिल्या, त्यांतील पुष्कळांची दर्शनी बाजू पाण्याकडे होती. आजचा प्रवासी मात्र रिक्षातून रस्त्याच्या अंगाने येतो, म्हणजे त्यांच्या परसदारी उतरतो, आणि चुन्याचे पोपडे व विजेच्या तारांची जाळी पाहून खिन्न होऊन परततो. तू तसे करू नयेस म्हणून आरंभीच हे लिहून ठेवतो.

दिवसाचा प्रारंभ उजाडण्यापूर्वी चौकात, गोल दरवाजापाशी करावा. थंडीच्या महिन्यांतच मिळणारी आणि ऊन चढू लागले की विरून जाणारी मक्खन मलाई तेथे विकावयास बसलेली असते. दूध आटवून रात्री उघड्या आकाशाखाली दवात ठेवतात, पहाटेच्या अंधारात ते घुसळतात आणि वर येणारा फेस हलक्या हाताने काढून घेतात. केशराने किंचित पिवळा झालेला तो फेस मोठ्या परातीत रचून त्यावर मलमलीचे ओले फडके पसरलेले असते. विक्रेता फडक्याचा एक कोपरा उचलतो, पळ्याने दोन थर द्रोणात घेतो, वर पिस्त्याचे काप आणि थोडी खव्याची भुकटी टाकतो. जिभेवर ठेवताक्षणी गोडी उरते आणि पदार्थ नाहीसा होतो. मुलांना दुसरा द्रोण मागू द्यावा; पोटास काही होत नाही. भाऊजी सामिष खातात, तेव्हा त्यांच्यासाठी त्याच चौकात निहारी आणि कुलचा आहे, आणि १९०५ पासून चालत आलेले टुंडे कबाबी यांचे दुकानही तेथेच आहे. मात्र त्यासाठी त्यांनी एकट्यानेच जावे, म्हणजे तुम्हां सर्वांची वेळ सांभाळेल.

तेथून चालत कुडिया घाटावर यावे. कौंडिण्य ऋषींचे नाव या घाटाशी जोडलेले आहे. येथे नावा भाड्याने मिळतात. नावाड्याशी घाई न करता, नदीच्या मध्यावर थोडा वेळ वल्ही थांबवण्याचे आधीच ठरवून घ्यावे. प्रवाहाच्या खालच्या अंगास तांबड्या विटांच्या कमानींचा जो पूल आहे, तो १९१४ मध्ये लॉर्ड हार्डिंज याच्या हस्ते खुला झाला. आसफउद्दौल्याच्या काळचा जुना दगडी पूल काढून त्याच्या जागी तो बांधला. सरकारी दफ्तरात त्याचे नाव काही असो, लोक त्याला लाल पूल किंवा पक्का पूल म्हणतात आणि तू नावाड्याशी बोलताना तेच म्हणावेस. पुलापासून जवळच मोठा इमामबाडा आहे. १७८४ च्या दुष्काळात रयतेला काम मिळावे म्हणून तो आरंभिला, आणि त्याच्या मुख्य दालनाचे सुमारे पन्नास मीटर लांबीचे छत एकाही तुळईच्या आधारावाचून उभे आहे. त्याविषयी अधिक लिहीत नाही, कारण सारे जग तेथे जातेच आणि तूही जाशीलच.

लखनौ, मार्गशीर्ष शु. ८

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आज मामांनी मला त्यांच्या नोकरीची जागा दाखविली, आणि म्हणून हे पत्र लांबणार आहे.

लाल पुलाखालून नदीच्या ओघाबरोबर चालत निघाले की, १९५७ साली उभारलेले शुभ्र संगमरवरी शहीद स्मारक लागते आणि रस्त्यापलीकडे उंचवट्यावर रेसिडेन्सीचे अवशेष दिसतात. १८५७ च्या जूनअखेरीस पडलेला वेढा नोव्हेंबरपर्यंत चालला. भिंतींवरील तोफगोळ्यांच्या खुणा तशाच ठेवलेल्या आहेत. ज्या बेगम हजरत महलने आपल्या अल्पवयीन पुत्रास मसनदीवर बसवून हा लढा चालविला आणि शेवटी शरणागती न पत्करता नेपाळात देह ठेवला, तिच्याविषयी मुलांना येथे बसूनच सांगावे. चौकात राहणारे हिंदी कादंबरीकार अमृतलाल नागर यांनी आपल्या विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ हिंदीत नेला, आणि अवधातील खेड्यापाड्यांतून हिंडून त्या धामधुमीच्या आठवणी गोळा केल्या, हे कळल्यावर वरसईच्या त्या भिक्षुकाचे आणि या तीराचे नाते मला अकस्मात जवळचे वाटू लागले.

पुढे छत्तर मंझिल. मस्तकावर सोनेरी छत्री धारण केलेला हा राजवाडा गाझीउद्दीन हैदर याने आरंभिला आणि त्याचा पुत्र नसिरुद्दीन याने पुरा केला. परंतु त्याच्या कुशीत त्याहून जुनी अशी फरहत बख्श कोठी आहे, आणि मामांचे खरे प्रेम तिच्यावर आहे. लिऑन शहरात जन्मलेला, कंपनीच्या फौजेत मेजर जनरल पदास चढलेला क्लॉड मार्टिन याने १७८१ च्या सुमारास ती नदीला इतकी लगटून बांधली की, गोमतीचे पाणी तळघरांशी खेळत असे. उन्हाळ्यात तो त्या थंडगार तळघरांत राही, आणि पावसाळ्यात नदी चढू लागली की एकेक मजला सोडीत वर जाई. १८०० साली याच घरात त्याने प्राण सोडला. ऋतूनुसार नदीला घरात वाट करून देणारी अशी वास्तू आपल्या कृष्णाकाठच्या वाड्यांतही मी पाहिलेली नाही.

नंतर राज्य गेले, इंग्रज अधिकाऱ्यांचा क्लब आला, आणि स्वातंत्र्यानंतर १९५१ च्या फेब्रुवारीत पंडित नेहरूंच्या हस्ते येथे केंद्रीय औषधी संशोधन संस्थेचे उद्घाटन झाले. बेगमांच्या महालात काचेची नळकांडी आणि बुनसेनचे दिवे मांडले गेले. स्टेरॉइडविरहित ‘सहेली’ ही गर्भनिरोधक गोळी याच संस्थेने सिद्ध केली. मामा सांगतात की, मे महिन्यात बाहेर लू वाहत असता जुन्या जाड भिंतींच्या आत काम करणे सुसह्य होई, आणि दुपारच्या सुटीत नदीकडील कमानींत उभे राहण्याचा त्यांचा नेम कधी चुकला नाही. संस्था नव्या जागेत गेल्यावर झालेल्या उत्खननात जमिनीत गाडले गेलेले कक्ष आणि एका मोठ्या नौकेचे अवशेष हाती लागले; ज्या मजल्यावर आपण इतकी वर्षे वावरलो त्याच्याखाली आणखी एक घर होते, हे मामा अजूनही काहीशा विस्मयाने सांगतात. या इमारतीचे पूर्ण दर्शन हवे असेल तर पूल ओलांडून लखनौ विद्यापीठाच्या तीरावर जावे आणि सायंकाळचे ऊन असता तेथून पाहावे. तिच्या अगदी पायथ्याशी उभे राहून फक्त भिंत दिसते.

येथे नदीविषयी एक गोष्ट लिहिलीच पाहिजे. गोमती हिमालयातून येत नाही. पिलीभीत जिल्ह्यात माधोटांड्याजवळच्या एका तलावातून ती निघते, भूगर्भातील झऱ्यांवर जगते आणि म्हणून उन्हाळ्यात कृश होते. त्यात एवढ्या मोठ्या शहराचे नाले मिळतात. १९६० च्या महापुरानंतर बांध पडले, आणि २०१५ पासून दोन्ही तीरांवर काँक्रीटच्या भिंती, हिरवळी आणि पायवाटा झाल्या. चालणाऱ्यांची सोय झाली, हे मी कृतज्ञतेने मान्य करतो. पण ज्या नदीने एकेकाळी घरांच्या तळघरांत शिरून माणसांना वरच्या मजल्यावर पाठविले, तिला दोन भिंतींमध्ये कालव्यासारखी कोंडलेली पाहून मन विषण्ण होते. नाल्यांचे पाणी आधी शुद्ध करावे आणि मग दिवे लावावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

मोती महालावरून पुढे गेल्यावर शाह नजफ इमामबाड्यात अवश्य जा. इराकातील नजफ येथील हजरत अली यांच्या कबरीच्या धर्तीवर गाझीउद्दीन हैदरने तो बांधविला आणि तो स्वतः तेथेच विसावला आहे. घुमटाखालील झुंबरांची गर्दी पाहण्यासारखी आहे. जोडे बाहेर ठेवावेत, डोक्यावर पदर घ्यावा आणि आवाज हळू ठेवावा.

तेथून हजरतगंज अगदी जवळ. संध्याकाळी गंजमध्ये काही न घेता नुसते हिंडण्याची येथील लोकांत जुनी रीत आहे आणि तिला ‘गंजिंग’ म्हणतात. फिकट रंगाच्या कमानी, एकसारख्या पाट्या, पुस्तकांची दुकाने, चिकन भरतकामाच्या कुडत्यांनी भरलेल्या काचा, आणि त्या साऱ्यांतून शांतपणे वाट काढणारी कुटुंबे, असे गंजचे रूप. बटाट्याच्या किसाच्या तळलेल्या टोपलीत भरलेली टोकरी चाट दोघांत एक पुरे. कॉफी हाऊसमध्ये एकदा बसावे. यशपाल, भगवतीचरण वर्मा, नागर अशी मंडळी जेथे बसत तेथे बसल्याने कॉफीची चव वाढते की नाही हे मी सांगू शकत नाही, परंतु शेजारच्या टेबलावरील राजकारण अजूनही ऐकण्याजोगे असते. चिकन खरेदी मात्र येथे न करता चौकात करावी, आणि उलट बाजूने टाके पाहून करावी.

लखनौ, मार्गशीर्ष शु. १२

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पलीकडच्या तीरावरील गोमतीनगरही पाहून आलो. आंबेडकर उद्यानालगत नदीकाठाने जाणाऱ्या रस्त्याला येथील तरुण मंडळी ‘मरीन ड्राइव्ह’ म्हणतात; रात्री दिवे लागल्यावर मुलांना तेथे नेलेस तर त्यांना आनंद होईल. त्याहून अधिक वेळ देऊ नये. २०१७ साली सुरू झालेल्या मेट्रोने एकदा हजरतगंजहून विद्यापीठाकडे जावे, कारण के. डी. सिंग बाबू स्टेडियम सोडल्यावर गाडी गोमतीवरून जाते आणि दोन्ही तीर एकदम दृष्टीस पडतात.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतले ते. छत्तर मंझिलीपासून थोड्याच अंतरावर कैसरबाग आहे. अवधचा अखेरचा बादशहा वाजिद अली शाह याने ती १८४८ पासून दोन-तीन वर्षांत उभी केली, आणि तिच्यातील परीखान्यात गाणे व नृत्य शिकविले जाई. बादशहा कलकत्त्यास मटियाबुर्जला गेला, परीखाना ओस पडला. आणि पुढे त्याच वास्तूत संगीत परत आणले ते वाळकेश्वरी जन्मलेल्या एका मराठी वकिलाने. विष्णु नारायण भातखंडे यांनी १९२४ मध्ये येथे अखिल भारतीय संगीत परिषद भरविली, राय राजेश्वर बली व राय उमानाथ बली यांचे साहाय्य मिळविले, आणि १९२६ साली प्रांताचे गव्हर्नर सर विल्यम मॅरिस यांच्या नावाने संगीताचे महाविद्यालय स्थापिले. १९२८ पासून श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांनी ते सांभाळले. गिंडे, भट, नागरकर, कायकिणी हे त्यांच्याच हाताखाली तयार झाले. बेगम अख्तरही पुढे येथे शिकवीत. १९६६ मध्ये सरकारने संस्था आपल्याकडे घेतली तेव्हा तिला भातखंडे यांचे नाव दिले, आणि आज ते एक विद्यापीठ आहे.

तुझ्या पेटीशेजारी भातखंडे यांच्या क्रमिक पुस्तकमालिकेचे जे भाग असतात, त्यांतील बंदिशी मी आज परीखान्याच्या ओवरीत, अवधी वळणाच्या उच्चारांत ऐकल्या. एका खोलीत यमनचा सरगम चालला होता, पलीकडे कथकाचे तोडे. दोन्हींची लय भिन्न, तरी एकमेकांस अडथळा होत नव्हता. आपल्या घरी ज्या पुस्तकांतून तू शिकलीस, तीच पुस्तके हातात घेऊन बाराबंकी-उन्नावच्या मुली बसलेल्या पाहिल्या, आणि आपला मनुष्य दूर मुलखात जाऊन एवढे करून गेला, याचा मला मनापासून अभिमान वाटला. इमामबाडा, रेसिडेन्सी, गंज यांतील एखादे स्थळ वेळेअभावी सुटले तर चालेल. कैसरबाग सुटू देऊ नकोस.

तिकिटे काढताना डिसेंबरअखेर व जानेवारी टाळ. दाट धुक्याने गाड्या तासन् तास रखडतात. नोव्हेंबरचा उत्तरार्ध किंवा फेब्रुवारीचा आरंभ उत्तम, त्या काळात मक्खन मलाईही मिळते. चालण्यासाठी मऊ तळव्याचे जोडे आणावेत, पहाटेसाठी मुलांच्या कानटोप्या. भातखंडे विद्यापीठ सुटीच्या दिवशी बंद असते, तेव्हा कैसरबागेसाठी आठवड्याचा मधला दिवस राखून ठेव, आणि यायची तारीख ठरताच प्रथम मामांना कळव. तुम्हां सर्वांची उतरण्याची सोय त्यांच्याच घरी आहे.

तुझा धाकटा भाऊ