होडी कुठली म्हणायची?

रात्री साडेअकराला मोबाइल वाजला. आत्येभावाचा फोटो. निळा डगला, डोक्यावर टोपी आणि मागे पांढरीशुभ्र छोटी शिडाची बोट. खाली एकच ओळ, ‘घेतली!’

आमचा हा दादा सांगलीचा. गेली नऊ वर्षं इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर नोकरी करतो. इतर लोक तिकडे गेल्यावर गाडी घेतात, घर घेतात. याने बोट घेतली. सेकंडहँड, पण बोट ती बोटच! दुसऱ्या दिवशी त्याचा फोन. म्हटलं आता समुद्राच्या गप्पा मारेल. तर गडी एकदम सरकारी भाषेत बोलायला लागला.

‘फ्रान्सपर्यंत न्यायची तर बोटीला राष्ट्रीयत्व लागतं. म्हणून नोंदवली.’

बोटीला राष्ट्रीयत्व? मला आधी गंमतच वाटली. पण फंडा तसा सोपा आहे. ब्रिटनच्या जहाज नोंदणीत वेगवेगळे भाग आहेत. पहिला भाग म्हणजे जवळजवळ आपला सातबारा. मालकी तिथे लागते, बोटीवर कर्ज असेल तर तेही चढतं. तिसरा भाग छोट्या खासगी बोटींसाठी, 24 मीटरपेक्षा कमी लांबीच्या. तिथे पाच वर्षांसाठी नोंद होते आणि एक नंबर मिळतो. त्यानं मालकी सिद्ध होत नाही, बोट कुठल्या देशाची एवढंच ठरतं. दादाचा पासपोर्ट भारताचाच आहे. पण भारत राष्ट्रकुलात, त्यामुळे तिथे राहणाऱ्या भारतीयालाही हे दार उघडं आहे.

‘मग प्रॉब्लेम काय?’

‘अट आहे गं. मालक वर्षातले किमान 185 दिवस ब्रिटनमध्ये राहिला पाहिजे. मी परत आलो की नोंद गेली. बोट तिथेच, पण ती कुठलीच नाही.’

इथे तो थांबला. मग हळूच म्हणाला, ‘आणि मला परत यायचंय. आई एकटी आहे. तू सांगलीला जाणारच आहेस ना? जरा बघून ये, आपल्याकडे नदीवर होडी ठेवायची तर काय काय लागतं ते.’

आता कळलं. प्रश्न बोटीचा नव्हताच.

पहिला मुक्काम : डोंगरातला समुद्र

शनिवारी पहाटे पुण्याहून निघाले. साताऱ्यात पोहोचल्यावर मिसळ, मग कासचा घाट. 2012 साली जागतिक वारसा यादीत गेलेलं कासचं पठार आता फुलांच्या सीझनमध्ये ट्रॅफिक जॅमसाठीही प्रसिद्ध आहे. मी गेले ते हिवाळ्यात. रस्ता मोकळा, गवत पिवळं, हवा जाम सही. पठार ओलांडून उतार सुरू झाला आणि खाली पाणी दिसलं. बामणोली! कोयना धरणाचा शिवसागर जलाशय इथवर पसरलाय.

बायकांच्या पर्स, डबे, एक शेळी आणि आम्ही चार टुरिस्ट असा लवाजमा लाँचमध्ये चढला. आपल्याला ही राइड वाटते. पलीकडच्या काठावरच्या लोकांसाठी ती एसटी आहे. धरणात नदीकाठची गावं गेली, काही माणसं लांब पुनर्वसनाला गेली, काही डोंगरावर सरकून तिथेच राहिली. त्यांना दवाखाना गाठायचा तर आधी पाणी ओलांडायचं.

लाँचच्या बाजूला रंगवलेला नंबर पाहून मी चालवणाऱ्या काकांना विचारलं, ‘हा कुणी दिला?’

‘मेरीटाइम बोर्डानं. तपासणी करत्यात, किती माणसं घ्यायची ते ठरवून देत्यात.’

म्हणजे महाराष्ट्र सागरी मंडळ! समुद्र सह्याद्रीच्या पलीकडे, आणि इथे डोंगरात सागरी मंडळाचा शिक्का. हसू आलं, पण त्यात चूक काही नाही. राज्यातल्या नद्या-जलाशयांवरच्या इंजिनाच्या बोटींचा कारभार याच मंडळाकडे आहे.

‘आणि जास्त माणसं आली तर?’

काकांनी इंजिनाचा आवाज कमी केला. ‘ताई, माणूस ‘न्हाई’ म्हणलं की रागावतं. पर पाणी रागावलं की काय बोलत न्हाई.’ मग माझ्या लाइफ जॅकेटकडे बोट दाखवलं, ‘पट्टा लावा.’

मी फोटोसाठी पट्टा सोडला होता. गपचूप लावला.

दुसरा मुक्काम : नदी एक, राज्यं अनेक

संध्याकाळी हायवेने कराड आणि मग सांगली. साताऱ्याहून सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. आत्या वाटच बघत होती. जेवताना तिने शाळेचा जुना दाखला काढून दाखवला. जन्म 1957. जिल्हा : दक्षिण सातारा.

‘आत्या, तू तर सांगलीची ना?’

‘मी इथलीच. जिल्ह्याचं नाव बदललं.’

खरंच की. 1949 साली दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि 1960 मध्ये त्याचं नाव सांगली झालं. त्याआधीची तऱ्हा तर आणखी भारी. 1848 साली साताऱ्याचं राज्य इंग्रजांनी खालसा केलं, तेव्हापासून सातारा ब्रिटिश मुलूख. सांगलीवर मात्र 1948 पर्यंत पटवर्धनांचं संस्थान. पुढे मिरज, कुरुंदवाड, प्रत्येकाची गादी निराळी. म्हणजे कुणी कराडात होडी घेऊन सांगलीच्या घाटावर बांधली, तर ती परक्या राज्यात ठेवलेली होडी! दादाला हे फोनवर सांगितलं तर तो पोट धरून हसला.

सकाळी आत्याबरोबर नदीवर गेले. गणपतीचं दर्शन, मग 1929 साली बांधलेला आयर्विन पूल. पूल होण्याआधी इथे पलीकडे जायला नावच होती. आता सांगलीकर या पुलावरून नदी मोजतात. 40 फूट म्हणजे इशारा, 45 फूट म्हणजे धोका. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं.

त्या आठवड्यात आत्या पहिल्या मजल्यावर अडकली होती. तीन रात्री. दादा इंग्लंडमध्ये फोन लावत बसलेला, आम्ही पुण्यात टीव्हीसमोर. चौथ्या दिवशी चार पोरं वल्ह्याची होडी घेऊन गल्लीत आली आणि आत्याला खिडकीतून उतरवून घेतलं.

‘कुणाची होडी होती?’

‘कुणास ठाऊक. शर्यतीची पोरं असावीत. मी नाव विचारलं तर म्हणाली, आधी घट्ट बसा आजी.’

कृष्णेवर होड्यांच्या शर्यती होतात, त्यामुळे वल्हं मारणारी पोरं इथे गावागावांत आहेत. पुरात गुळाच्या काहिलीसुद्धा पाण्यात सोडतात म्हणे. हाती लागेल ती होडी.

पण त्याच पुरात, 8 ऑगस्ट 2019 ला, पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला बचावाची बोट उलटली. येरळा कृष्णेला मिळते तिथलं हे गाव. क्षमतेपेक्षा जास्त माणसं बसली होती. डझनाहून अधिक माणसं गेली, त्यात बायका होत्या, लहान मुलं होती. आत्या हे सांगताना पुलाच्या कठड्याकडे बघत होती, माझ्याकडे नाही. ‘त्यांनाही सुटायचंच होतं गं. माझ्यासारखंच.’

कागद कशाला?

इतके दिवस मला वाटायचं, नोंदणी म्हणजे खिडकीवरची रांग आणि झेरॉक्स. पण बोटीचा कागद खरं तर एकच साधी गोष्ट सांगतो. हिच्यात किती माणसं बसू शकतात.

1917 चा जुना कायदा जाऊन 2021 साली नवा इनलँड व्हेसल्स अ‍ॅक्ट आला. इंजिनाच्या बोटीला एका राज्यात मिळालेली नोंद आता देशभर चालते, दर राज्याची वेगळी परवानगी लागत नाही. आणि दादासाठी सगळ्यात महत्त्वाचं, बिनइंजिनाच्या होड्यांचाही त्यात विचार आहे. त्यांची नोंद जिल्हा, तालुका, अगदी पंचायतीच्या पातळीवर करायची तरतूद आहे. म्हणजे सागरी मंडळापर्यंत न जाता, गावातल्या होडीची दखल गावातच!

रात्री दादाला फोन लावला. सगळं सांगितलं. काकांचा नंबर, दक्षिण सातारा, आत्याची खिडकी. तो बराच वेळ गप्प होता.

‘मग शिडाची बोट विकतो,’ तो म्हणाला. ‘ती नाही तरी नदीत काय करणार?’

‘आणि?’

‘सांगलीत वल्ह्याची घेऊ. ग्रामपंचायतीत नोंदवू. आत किती माणसं बसतील ते मोठ्या अक्षरात रंगवू.’

आत्या शेजारी बसून ऐकत होती. तिने फोन घेतला आणि विचारलं, ‘होडी नंतर बघू. तू कधी येतोस ते सांग आधी.’

जायचंय?

कसं जाल : पुणे ते सातारा साधारण 110 किलोमीटर. साताऱ्याहून कासमार्गे बामणोली. सांगलीसाठी कराडवरून पुढे. दोन दिवसांचा वीकएंड पुरतो.

काय बघाल : बामणोली-तापोळ्याचा जलाशय, वासोट्याचा ट्रेक (वनखात्याची परवानगी लागते), सांगलीचा गणपती, आयर्विन पूल, हरिपूरचा कृष्णा-वारणा संगम.

काय आणाल : साताऱ्याचे कंदी पेढे, सांगलीची हळद आणि भडंग.

काय विसरू नका : बोटीत चढण्याआधी बाजूचा नंबर बघा, किती माणसांची परवानगी आहे ते विचारा आणि आतली डोकी मोजा. जास्त वाटली तर उतरा, पुढची बोट येईल. आणि हो, फोटो कितीही भारी येणार असला तरी जॅकेटचा पट्टा सोडू नका.