पाणी ओसरल्यानंतरचं वर्ष

2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णा-पंचगंगेचं पाणी चढत होतं, तेव्हा सगळ्या महाराष्ट्राचं लक्ष तिकडे लागलेलं होतं. सांगलीत आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी 45 फुटांची आहे. त्या वर्षी पाणी 57 फुटांच्या वर गेलं. ब्रह्मनाळला माणसांना सुखरूप बाहेर काढायला निघालेली नाव उलटली आणि त्यांतलीच काही माणसं बुडाली. पुणे-बंगळूर महामार्ग कोल्हापूरजवळ पाण्याखाली गेला. तो मोकळा झाला आणि गावोगावहून मदतीचे ट्रक निघाले. कपडे, बिस्किटं, पाण्याच्या बाटल्या, चादरी. त्या दिवसांत माणसांनी माणसांसाठी जे केलं त्याची आठवण आजही उभारी देते.

पण पूर म्हणजे तेवढेच दिवस नव्हेत. शिरोळ तालुक्यातल्या एका कुटुंबाचं घर त्या महापुरात गेलं, आणि ते पुन्हा उभं राहीपर्यंत आम्ही काही मैत्रिणी त्यांच्यासोबत होतो. घरात आण्णा, आक्का, मुलगा, सून, दोन नातवंडं आणि गोठ्यात दोन म्हशी. मला जे सांगायचं आहे ते पाणी ओसरल्यानंतरच्या त्यांच्या वर्षाबद्दल आहे.

शिरोळ तालुक्यात कृष्णा, वारणा, पंचगंगा आणि दूधगंगा या चार नद्यांचं पाणी एकवटतं. मुलूख सपाट आणि नदीला उतार कमी. म्हणून इथलं पाणी कोकणातल्यासारखं रात्रीत येऊन ओसरत नाही. हळूहळू चढतं आणि दिवसचे दिवस ठाण मांडून बसतं. या लोकांना नदी परकी नाही. नृसिंहवाडीच्या दत्तमंदिरात पाणी एका दाराने शिरून दक्षिणेच्या दाराने बाहेर पडलं की दक्षिणद्वार सोहळा होतो आणि लोक श्रद्धेने त्या पाण्यात स्नान करतात. 2005 साली पाणी कुठवर आलं होतं, ते घराघरांतल्या वडीलधाऱ्यांना पक्कं ठाऊक होतं. त्याच अंदाजाने आक्कांनी शाळूची पोती फळ्यांवर रचली, ट्रंक वर चढवली. 2019 च्या पाण्याने तो अंदाज मोडला. आण्णा म्हशींना सोडून निघायला तयार होईनात. अखेर मुलाने म्हशी उंचवट्यावर नेऊन बांधल्या, तेव्हा ते नावेत बसले.

मातीच्या भिंतीचं एक असतं. पाण्यात असताना ती बरेचदा तग धरते, कारण आतून-बाहेरून पाण्याचा दाब सारखा असतो. पाणी उतरू लागलं की तो आधार जातो. भिजून जड झालेली आणि बुडाशी विरघळलेली भिंत मग उन्हात कधीतरी बसते. आक्कांच्या घराची मागची भिंत पंचनाम्याच्या दिवशी उभी होती. ती पडली गणपतीच्या दिवसांत, आणि तिने तुळयांसकट निम्मं घर खाली आणलं. कागदावर मात्र तोवर ‘अंशतः पडझड’ असं लिहिलं गेलं होतं. पूर्ण पडलेल्या घराला आपत्ती निवारणाच्या तेव्हाच्या निकषाप्रमाणे 95,100 रुपये मिळत. अंशतः पडलेल्या घराच्या वाट्याला त्यातला लहानसा भाग येई. एका शब्दाने घराचं सगळं गणित बदलत होतं.

म्हणून आमचं पहिलं काम विटा-सिमेंटचं निघालं नाही, कागदांचं निघालं. फेरपंचनाम्यासाठी अर्ज लिहायचा, पडलेल्या भिंतीचे फोटो तारखेसकट जोडायचे. रेशन कार्ड भिजून लगदा झालेलं, पासबुकावरची अक्षरं पुसलेली, सुनेचं बारावीचं मार्कशीट चिखलात गेलेलं. ग्रामपंचायतीचा घराचा उतारा आण्णांच्या वडिलांच्या नावावर होता, आणि आण्णांचे धाकटे भाऊ इचलकरंजीत यंत्रमागावर कामाला. त्यांची संमती, त्यांची सही, त्यांचा खाडा. झेरॉक्सच्या दुकानासमोर ताटकळण्यात, तलाठ्याची गाठ पडेपर्यंत थांबण्यात दिवस जात. या कामाचा फोटो निघत नाही आणि त्यासाठी कुणी देणगीही देत नाही. पण शिकलेल्या माणसाचा पूरग्रस्ताला सर्वांत मोठा उपयोग इथेच होतो, असं मी आज खात्रीने म्हणेन. अर्जाची पोच मागून घेणं, ती जपून ठेवणं, पुन्हा जाऊन विचारणं, हे ज्याला जमतं त्याने खुशाल फावडं दुसऱ्याच्या हाती द्यावं.

गावात तोवर कपड्यांचे ढीग साचले होते. आक्कांना काय हवं ते विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, “साड्या बास झाल्या, ताई. म्हशीला वैरण बघा आधी. दूध घातलं तरच दहा दिवसाचं बिल येतंय.” शिवारातला ऊस आठवडाभर पाण्याखाली राहून कुजला होता, हिरवी वैरण कुठेच नव्हती. घरात रोख पैसा येण्याची एकच वाट उरली होती, दूध डेअरीची. आम्ही वैरण आणि पेंड मिळवली. म्हशी दुधाला टिकल्या आणि हाती थोडा पैसा खेळू लागला. सुनेच्या शिलाई मशीनमध्ये गाळ बसला होता. ते जयसिंगपूरला नेऊन उघडलं, धुतलं, तेलपाणी केलं. पत्र्याच्या शेडमध्ये ती गावच्या पोरांचे शाळेचे गणवेश शिवू लागली. घर उभं करायचं तर आधी घराची कमाई उभी करावी लागते. ती नसेल तर घरासाठी आलेली मदत पोटात आणि हप्त्यात जाते. बचत गटाचं आणि मायक्रोफायनान्सचं कर्ज पुरात वाहून जात नसतं. वसुलीचा दिवस चिखल वाळायच्या आत येतो.

देणाऱ्या मंडळींना दिवाळीच्या आत घर उभं राहिलेलं हवं होतं. त्यांची तळमळ खरी होती. गवंडी मात्र ऐकेना. तो म्हणाला, “ही काळी भुई हाय. आत्ता पाया भरला तर उन्हाळ्यात भिंत तडकणार.” त्याचं म्हणणं खरं होतं. काळी माती पाण्याने फुगते आणि वाळली की आकसते. ती पुरती वाळू द्यायची, मग मुरूम लागेपर्यंत खोल जायचं, कॉलम घ्यायचे, जोत्याला सगळीकडून बीम फिरवायचा. शिवाय वीटभट्ट्या पेटतात दिवाळीनंतर, आणि सगळा गाव एकाच वेळी बांधायला निघालेला, त्यामुळे विटेचा, वाळूचा, मजुरीचा भाव चढलेला. ऑगस्टात जमलेला निधी ऑगस्टातच संपवला असता, तर पायाच्या वेळी हात रिकामे राहिले असते.

घर कसं असावं यावरही खल झाला. एका हितचिंतकाने नकाशा काढून दिला होता, एक खोली आणि स्वयंपाकघर, नेटका आणि स्वस्त. आक्कांनी तो शांतपणे पाहिला आणि विचारलं, “सोपा कुठं हाय?” घरापुढचा सोपा म्हणजे त्यांची बैठक, धान्य निवडायची जागा, आल्या-गेल्याला पाणी द्यायची जागा. सोप्यातून गोठा दिसला पाहिजे, देव्हारा जुन्याच बाजूला हवा, चूल बाहेर हवी. या मागण्यांना हौस म्हणायची सोय नाही. 1993 च्या किल्लारीच्या भूकंपानंतर 52 गावं नव्या जागी वसवली गेली. त्या प्रचंड कामाने लोकांना डोक्यावर छप्पर दिलं. पण आखीव ओळींत आणि रुंद रस्त्यांत जुना शेजार विस्कटला, आणि लोकांनी आपल्या गरजेप्रमाणे नव्या घरांना पडव्या-छपरं जोडत ती आपलीशी केली. राहणाऱ्याला आधी विचारलं, तर ही दुरुस्ती नंतर करावी लागत नाही. आक्कांच्या घराला सोपा आला. पैसे पुरावेत म्हणून स्लॅबऐवजी वर पत्रा टाकला, आणि हा निर्णयही त्यांनीच घेतला.

“तिथे पुन्हा बांधताच कशाला?” हा प्रश्न शहरात मला अनेकांनी विचारला. प्रश्न रास्त आहे. नदीकाठी पूररेषा आखलेल्या असतात. निळी रेषा साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. कुठलं घर कोणत्या रेषेत येतं, ते पाहिल्याशिवाय एकही वीट रचली जाऊ नये, आणि जी वस्ती हलवणं भाग आहे तिला जमीन, पाणी, रस्ता यांसकट चांगली जागा मिळावी, असं मला मनापासून वाटतं. पण तशी जागा समोर नसताना नुसतं ‘उठा’ म्हणणं म्हणजे माणसाला त्याच्या पोटापासून तोडणं आहे. आक्का म्हणाल्या, “रान हितं, म्हशी हितं. मी हितंच राहतो.” मग आमच्या हाती एवढंच होतं की जोतं होईल तितकं उंच घ्यावं, भिंती भाजक्या विटेच्या आणि सिमेंटच्या असाव्यात, आत सिमेंटचा पक्का माळा असावा, आणि कागदपत्रांची प्लास्टिकची पिशवी कायम त्या माळ्यावर राहावी.

भिंती खिडक्यांच्या वर आल्या आणि मार्च 2020 मध्ये लॉकडाऊन लागला. काम थांबलं, शहरातली मदत आटली, आम्हालाही जाता येईना. पुढचं गावाने केलं. भाऊबंद आणि शेजारी मोकळीक मिळाली तसे हाताखाली आले, उरलेल्या विटा एकमेकांत फिरल्या, आणि पावसाआधी पत्रा चढला. बाहेरून गेलेल्यांनी हे नीट लक्षात घ्यावं. आपण गवंड्याच्या हाताखाली घमेली देणारी माणसं आहोत. घर बांधतं ते कुटुंब, आणि ते पुरं करतो तो शेजार.

जुलै 2021 मध्ये पुन्हा महापूर आला. या खेपेला आण्णा कुणाची वाट न पाहता म्हशी घेऊन आधीच बाहेर पडले. पाणी जोतं ओलांडून घरात शिरलं, काही दिवस राहिलं आणि गेलं. भिंती उभ्या राहिल्या. कागद कोरडे राहिले. गाळ उपसला, ब्लीचिंग पावडर टाकून घर धुतलं, आणि आक्कांची चूल पुन्हा आपल्या जागी पेटली. नुकसान झालंच, पण त्या वेळी कुटुंबाला शून्यापासून सुरुवात करावी लागली नाही. पुरानंतरच्या मदतीची खरी परीक्षा पुढच्या पुरात होते.

पूर आता वरचेवर येणार, हे कृष्णाकाठाने आणि चिपळूण-महाडने पुरतं अनुभवलं आहे. म्हणून वाचकांना माझी विनंती आहे. पुढच्या वेळी जे द्याल त्यातलं अर्धं लगेच द्या आणि अर्धं दिवाळीनंतरसाठी राखून ठेवा. शंभर घरांना एकेक चादर देणाऱ्यांची आपल्याकडे कमी नाही. तुम्ही चार-पाच जण मिळून एक कुटुंब निवडा. त्यांना काय हवं ते त्यांनाच विचारा, त्यांच्या कागदांच्या रांगेत उभे राहा, आणि पुढचा पावसाळा येईपर्यंत त्यांची साथ सोडू नका.