पाचशे रुपयांचे ग्रंथालय

फेब्रुवारी २००९ मधली गोष्ट. भारत सरकार दहा डॉलरचा, म्हणजे त्या वेळच्या हिशेबाने जेमतेम पाचशे रुपयांचा, संगणक आणणार अशी वार्ता वर्तमानपत्रांतून झळकत होती. ३ फेब्रुवारीला तिरुपती येथे त्याचे पहिले दर्शन घडणार होते. तो केवढा असेल, पडदा किती इंचांचा असेल, त्यावर देवनागरी नीट उमटेल की नाही, यावर आमच्या प्राध्यापक-कक्षात रोज वाद झडत. मी मराठीचा शिक्षक. यंत्रांतले मला फारसे कळत नाही. परंतु न पाहिलेल्या वस्तूचे वर्णन करताना साहित्याचा माणूस सहसा अडखळत नाही. एम. ए.च्या वर्गात मी रंगून जाऊन सांगितले, की लवकरच तुमच्या पिशवीत पाटीएवढा संगणक असेल आणि त्यात 'लीळाचरित्रा'पासूनचे सारे वाङ्मय मावेल.

त्या वर्गात एक विद्यार्थिनी होती. सकाळच्या एस.टी.ने येई आणि दुपारभर ग्रंथालयात बसून 'स्मृतिचित्रे' वहीत उतरवून घेई. आत्मचरित्राच्या अभ्यासपत्रिकेसाठी पुस्तक हवे होते, महाविद्यालयात प्रत एकच होती आणि ती घरी नेता येत नसे. माझे बोलणे संपल्यावर तिने विचारले, "सर, पण त्यात पुस्तकं कोण भरणार?"

वर्ग हसला. मीही हसलो, आणि "भरतील कोणीतरी" असे म्हणून पुढच्या मुद्द्याकडे वळलो. दुपारी ती पुन्हा ग्रंथालयात लिहीत बसलेली दिसली.

तिरुपतीला जे प्रकट झाले, तो संगणक नव्हताच; ते माहिती साठवून ठेवण्याचे एक उपकरण होते. वर्तमानपत्रांनी थट्टा केली, आम्हीही केली. पुढच्या तासाला विद्यार्थ्यांच्या नजरेला नजर देताना मला थोडे अवघडल्यासारखे झाले, एवढेच. असो.

या यंत्राची वाट पाहण्याचा इतिहास मात्र बराच जुना आहे. अमेरिकन संशोधक अ‍ॅलन के यांनी १९६८ च्या सुमारास 'डायनाबुक'ची कल्पना केली आणि १९७२ मध्ये तिच्यावर निबंध लिहिला. वहीएवढा, मुलांना हाताळता येईल असा हा संगणक त्यांनी प्रथम केला तो पुठ्ठ्याचा. बंगळूरच्या शास्त्रज्ञांचा 'सिम्प्युटर' भारतीय भाषांत बोलू पाहत होता. २००४ मध्ये तो बाजारात आला आणि फारसा कोणाच्या हाती न पडताच विस्मरणात गेला. अ‍ॅपलच्या पाटीसदृश संगणकाच्या अफवा तर कित्येक वर्षे फिरत होत्या. २७ जानेवारी २०१० रोजी आयपॅड जाहीर झाला तेव्हा त्या थांबल्या. त्यानंतर ५ ऑक्टोबर २०११ रोजी दिल्लीत 'आकाश' आला. त्याच्याविषयीही मी वर्गात बोललो, पण बेताने.

या साऱ्या तर्कवितर्कांत किंमत असे, वजन असे, पडद्याची लांबीरुंदी असे. मजकूर कुठेच नसे. तो आपोआप येईल असे आम्ही गृहीत धरले होते. वस्तुतः आम्ही साहित्याचे अध्यापक. निदान आम्ही तरी हे गृहीत धरायला नको होते. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, हे आम्ही दरवर्षी शिकवतो. ग्रंथ पुढच्या पिढीला मिळतो तो कोणीतरी बसून उतरवला, तपासला म्हणून, हे आम्हाला पाठ होते. ते आमच्या काळालाही लागू आहे, हे मात्र लक्षात आले नाही.

लक्ष्मीबाई टिळक १९३६ मध्ये निवर्तल्या. आपल्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी त्याचे लेखन सर्वांसाठी खुले होते. म्हणजे २००९ मध्ये 'स्मृतिचित्रे' संगणकावर आणायला कायद्याची आडकाठी नव्हती. यंत्राचीही नव्हती, कारण आमच्याच विभागात दोन संगणक होते आणि त्यांवर आम्ही प्रश्नपत्रिका टंकित करत होतो. उणीव होती ती बसून काम करणाऱ्या हातांची. आणि ते काम माझ्या डोळ्यांदेखत एक मुलगी रोज दुपारी करत होती. तिच्या वहीऐवजी तिच्यापुढे कळफलक ठेवावा, चार विद्यार्थ्यांना तिच्या जोडीला बसवावे, हे मला सुचले नाही. मी आकाशाकडे पाहून यंत्राची वाट पाहत राहिलो.

यंत्र शेवटी आले, पण कोणत्याही समारंभावाचून. आज वर्गातल्या जवळजवळ प्रत्येकाच्या खिशात ते फोनच्या रूपाने आहे. मराठी विकिस्रोतासारख्या ठिकाणी काही स्वयंसेवक जुनी पुस्तके पान-पान तपासून चढवीत असतात. त्यांची संख्या फार नाही. गेली काही वर्षे मीही विद्यार्थ्यांना घेऊन दर शनिवारी एक तास हेच काम करतो. छायाप्रतीवरून यंत्राने ओळखलेला मजकूर आम्ही मुळाशी ताडून पाहतो. यंत्र 'वाऱ्या'तला अर्धा र चुकवते, अनुस्वार गिळते, 'घ'चा 'ध' करते. तासाभरात पाच-सहा पाने होतात. वेग सांगण्यासारखा नाही.

ती विद्यार्थिनी पुढे शिक्षिका झाली. एकदा भेटली तेव्हा मी त्या वहीची चौकशी केली. म्हणाली, "आहे ना सर. शेवटची चाळीस-एक पानं राहिली. तेवढ्यात परीक्षा आली." तिने विचारलेला प्रश्न तिला आठवत नव्हता. मी त्याची आठवण करून दिली नाही. शनिवारच्या तासाविषयी मात्र सांगितले. तिच्या शाळेतल्या मुलांना यात घेता येईल का, असे तिने विचारले. येईल, असे मी म्हणालो. या खेपेस 'कोणीतरी' हा शब्द मी वापरला नाही.