भरणे

मराठीत पोटही भरते आणि जखमही भरते, क्रियापद एकच. कन्नडमध्ये पोटासाठी ‘तुंबु’ आणि जखमेसाठी ‘मायु’ अशी सामान्यतः दोन निराळी क्रियापदे आहेत. बंगळूरच्या एका रुग्णालयात लठ्ठपणावरील शस्त्रक्रियेनंतर पडून राहिलेल्या मराठी बाईंना हा भेद कोशातून नव्हे, देहातून उमगला.

जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग काढून उरलेल्याची अरुंद नळी केलेली. तिच्या टाक्यांच्या रेषेत, वरच्या टोकाला, अन्ननलिकेपाशी छिद्र राहिले. गळती बहुधा तेथेच होते, कारण नळीच्या आत दाब फार. आता स्राव रबरी नळीवाटे पिशवीत उतरतो आणि अन्न दुसऱ्या नळीने थेट लहान आतड्यात जाते. जखम भरावयाची तर तोंडाने पोट भरावयाचे नाही, असा हा करार. त्याची मुदत आठवड्यांची, कधी महिन्यांची. पिशवीत काल ४० मिलिलिटर, आज ४५. एवढ्यानेही दिवस काळवंडतो.

त्यात या शहराची विचारपूस! येणारा प्रत्येक जण आपुलकीने विचारतो, ‘ऊट आयिता?’ जेवण झाले का? बाई प्रथम कसनुशा हसत. हल्ली ‘आयितु’ म्हणतात. खोटे खरे, पण सौजन्याचे.

अमेरिकेत १८२२ मध्ये बंदुकीच्या गोळीने ॲलेक्सिस सेंट मार्टिनच्या जठराला पडलेले भोक तो १८८० मध्ये मरेपर्यंत बुजले नाही. त्यातून डोकावून डॉ. बोमाँट यांनी पचनक्रिया अभ्यासली, १८३३ मध्ये ग्रंथ लिहिला. शास्त्राला ते भोक उघडेच सोयीचे होते. बाईंना शास्त्राचे काही देणे नाही. त्यांना एक घोट साधे वरणाचे पाणी हवे आहे.